सालईवाडीचं दूध

धारूरच्या किल्ल्याच्या मागच्या अंगाला दोन दऱ्या आणि एक धार ओलांडली की सालईवाडी लागते. तीस-पस्तीस उंबऱ्यांची वाडी. नव्वद सालापर्यंत तिथं ना सडक गेली होती ना जीप. बैलगाडीची वाट डोंगराला वळसा घालून यायची आणि अर्धा दिवस खायची. पायवाटा मात्र पुष्कळ होत्या, आणि त्या सगळ्या सिदूच्या पायाखालच्या होत्या.

सिदूला चालताना कुणी फारसं पाहिलं नव्हतं. बाप गुराखी, तेव्हा डोंगरात पांगलेली गुरं वळवता वळवता त्याला पळायची सवय लागली ती कायमचीच. लग्नात मांडवातसुद्धा तो पळतच आला होता, असं त्याची बायको बायनाबाई चारचौघींत सांगायची आणि तोंडाला पदर लावून हसायची. अंगानं किडकिडीत, बोलायला कमी, आणि पाय मात्र हरणाचे. कुणाला विंचू चावला, कुणाची बाळंतीण अडली की माणसं आधी सिदूच्या दारात यायची.

वाडीत सहकारी दूध संस्था निघाली तेव्हा सगळ्यांत मोठा प्रश्न होता तो दूध धारूरला न्यायचा. दूध संघाची गाडी सकाळी आठ वाजता धारूरच्या डेअरीवरून निघायची. उन्हाळ्यात दूध दोन तासांच्या वर टिकत नव्हतं. संस्थेचे चेअरमन विठ्ठलराव यांनी सिदूला बोलावलं आणि कावड त्याच्या खांद्यावर दिली. पहाटे मारुतीच्या पारावर बाया आपापलं दूध घेऊन यायच्या, विठ्ठलराव माप घेऊन वहीत लिहायचे, दोन कॅन भरले की सिदू वर पळसाची दोन-चार पानं सोडायचा. पानांमुळं दूध हिंदकळत नाही. मग झाकण लावून निघायचा. आधी ओघळीची वाट, मग सिताफळीची दरी, मग धावड्याच्या झाडीतून चढ, आणि धारेवर आलं की समोर किल्ला. गुडघ्यात वाकून, लहान लहान पावलं टाकत पळायचं, म्हणजे कावड खांद्यावर झुलते पण उसळत नाही. सव्वा तासात तो डेअरीवर हजर असायचा. पारावर लिहिलेलं माप आणि डेअरीवर निघालेलं माप सहा वर्षांत एकदाही वेगळं पडलं नाही. सिदूला दुसरा कसलाच अभिमान नव्हता. एवढा एक होता.

मग पाऊस गेला. एक वर्ष गेला, तेव्हा माणसं म्हणाली पुढच्या साली येईल. दुसऱ्या वर्षी पोळ्यापर्यंत वाट पाहिली. तिसऱ्या वर्षी कुणी काही म्हणेनासं झालं. डोंगर उघडा पडला. सालईची झाडं नुसती हाडासारखी उभी राहिली. धावड्याचा पाला माणसांनी गुरांसाठी ओरबाडून नेला, मग फांद्या नेल्या, मग जळणाला बुंधेही गेले. माकडं वाडीत उतरली आणि घरांवरची कौलं उचलायला लागली. निम्मी वाडी तलावाच्या रोजगार हमीवर खडी फोडायला जाऊ लागली, बायनाबाईही त्यातच. चाळीस लिटर दूध पंचवीसवर आलं, पंचवीसचं पंधरा झालं. एका कॅनमध्येच सगळं मावायला लागलं तेव्हा सिदूनं कावडीच्या दुसऱ्या टोकाला तोल साधायला धोंडा बांधला. बघणाऱ्याला ते कसंतरीच वाटायचं, पण त्याशिवाय पळता येत नव्हतं.

सिताफळीच्या दरीत चाँदबीची झोपडी होती. तिचा नवरा डोंगरातल्या सिताफळांचा मक्ता घ्यायचा आणि धारूरच्या बाजारात विकायचा. तो वारला तरी ती तिथंच राहिली, कारण झोपडीपाशी कपारीत एक झरा होता आणि तो अजून वाटी वाटी पाणी देत होता. लेक बाळंतपणाला आली ती त्याच झोपडीत दगावली. मागं एवढीशी नात राहिली, हाफिजा. जावई जमील बीडला हातगाडी ओढायचा, तो महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. चाँदबीच्या दोन शेळ्यांवर पोर वाढत होती. माघ महिन्यात शेळ्या आटल्या.

एका सकाळी चाँदबी पोरीला फडक्यात गुंडाळून वाटेवर उभी राहिली. चार दिवस ज्वारीच्या कण्यांचं पाणी पाजतेय आणि पोर ओकतेय, असं तिनं सांगितलं. घोटभर दूध मागितलं. सिदूनं पळता पळताच सांगितलं की दूध त्याचं नाही, संस्थेचं आहे. तीस-चाळीस पावलं गेला आणि थांबला. पोर रडत नव्हती, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. नुसतीच बघत होती. तो माघारी आला, कावड उतरवली आणि चाँदबीच्या पितळी वाटीत दूध ओतलं.

"कुणाचं हाय भाऊ हे?" तिनं विचारलं. "कुणाची चोरी नको."

"माझ्या गाईचं हाय," सिदू म्हणाला. "माझ्या वाट्याचं."

त्याची गाय दिवाळीतच आटली होती.

चाँदबी पोरीला घेऊन झोपडीत गेली. सिदूनं कॅनकडं बघितलं. डेअरीवर माप कमी भरलं असतं. सांडलं म्हणून सांगता आलं असतं, पण सहा वर्षांत त्यानं ते कधी सांगितलं नव्हतं आणि आताही त्याच्या जिभेवर ते येईना. त्यानं झऱ्याच्या कुंडातून तेवढंच पाणी घेतलं आणि कॅनमध्ये टाकलं. त्यात काही फार वाईट केल्यासारखंही त्याला वाटलं नाही. पंधरा लिटरमध्ये एक वाटी, कुणाला कळतंय.

पुढं ते रोजचंच झालं. पोर बाळसं धरायला लागली. एका वाटीच्या दोन झाल्या. इकडं वाडीचं दूध मात्र आटतच गेलं, चैत्रात ते नऊ लिटरवर आलं. आणि नऊ लिटरमध्ये अर्धा लिटर पाणी लपत नाही.

डेअरीवर उत्तरेश्वर नावाचा माणूस दूध तपासायचा. भांड्यात काचेची नळी सोडायची, ती किती बुडते त्यावरून डिग्री वाचायची आणि लिहायची. त्यानं दोन दिवस भुवया चढवल्या. तिसऱ्या दिवशी दूध माघारी दिलं आणि सोबत चिठ्ठी: सालईवाडीच्या दुधात पाणी आहे, घालणारा शोधा, नाहीतर वाडीचं दूध बंद. सिदू नऊ लिटर दूध घेऊन उन्हात माघारी आला. वाडीत येईतो ते फाटलं होतं.

संध्याकाळी पारावर सगळी जमली. विठ्ठलरावांनी चिठ्ठी वाचून दाखवली. माणूस तसा वाईट नव्हता, पण वाडीत पैसा येण्याची ती एकच वाट उरली होती आणि ती बंद व्हायची भीती त्याला होती. कुणी कुणाचं नाव घेईना. मग एका बाईनं केशरबाईचं घेतलं.

केशरबाई पन्नाशीच्या पुढची, बालपणीच रांडाव झालेली, ओढ्याच्या कडेला एकटी राहणारी. तिची एकच म्हैस. सगळ्यांची जनावरं आटत आली तरी हिचं माप कमी होत नव्हतं, हे बायांच्या डोळ्यांत खुपलं होतं. ती दूध आणायची तेही सगळ्यांच्या शेवटी, आणि पदराखाली झाकून. खरी गोष्ट अशी होती की केशरबाई उजाडायच्या आत पलीकडच्या दरीत उतरून हिवराच्या शेंगा वेचायची, डोक्यावरून आणायची आणि म्हशीला घालायची. स्वतः एक वेळ जेवायची. पण हे बघायला तिच्या घरी कोण जात होतं?

तिला विचारलं तेव्हा ती आधी हसलीच. मग सगळ्यांची तोंडं बघून तिचं हसू गेलं.

"म्या पानी कुठून घालू?" ती म्हणाली. "मला प्यायला न्हाई."

विठ्ठलरावांनी तोडगा काढला: आठ दिवस केशरबाईचं दूध घ्यायचं नाही, डिग्री काय येते ते बघू. सिदू पाराच्या कोपऱ्यावर बसला होता. आता बोलू, मग बोलू, असं करता करता माणसं उठून गेली. आपली कावड जाईल, ही एक भीती. पोरीचं दूध तुटेल, ही दुसरी. त्यानं दुसरीच भीती स्वतःला मोठी करून सांगितली.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं कॅनमध्ये पाणी टाकलं नाही. पोरीला दूध दिलं आणि रोज डेअरीवर सांगितलं की चढावर पाय घसरला, थोडं सांडलं. सहा वर्षांत जे जिभेवर आलं नाही ते आता सहज आलं. उत्तरेश्वरनं उलट त्याचीच कीव केली, दुष्काळात माणसाच्या पायात जीव राहत नाही म्हणाला. डिग्री चोख आली. दुसऱ्या दिवशीही आली, तिसऱ्याही. वाडीत सगळ्यांची खात्री पटली. एका म्हाताऱ्यानं तर सिदूच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं की त्या बाईपायी तुला फुकट हेलपाटा पडला बघ.

संघाकडून त्याच आठवड्यात कडब्याचा ट्रक धारूरला आला. कडबा मिळायचा तो दूध घालणाऱ्या घरांना. केशरबाईचं नाव यादीतून काढलेलं होतं. हिवराच्या शेंगा तोवर संपल्या होत्या. खडी फोडायच्या कामावर बाया तिच्याशेजारी बसेनात. बायनाबाई घरी येऊन हे सगळं सांगायची आणि सिदू खाली मान घालून भाकरी मोडत बसायचा. बायकोलाही त्यानं काही सांगितलं नाही.

केजच्या बाजाराच्या दिवशी सिदू नेहमीसारखा सिताफळीच्या दरीत उतरला. चाँदबी झऱ्यापाशीच होती. दूध घेताना ती म्हणाली की मघाशी अंधारातच केशरबाई म्हैस घेऊन इथून गेली. म्हशीला पाणी पाजलं, पोरीला मांडीवर घेऊन बसली, मग केजच्या वाटेनं गेली. डोळे पुसत होती.

"मला पुसलं, ही कुनाच्या दुधावर हाय," चाँदबी सांगत होती. "मी म्हनलं, सिदूभाऊ देतो, आपल्या गाईचं."

सिदूच्या हातातलं झाकण खाली पडलं. त्याची गाय आटलीय हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं.

तिथं दोन वाटा फुटत होत्या. एक वर धावड्याच्या रानातून धारूरला जाणारी, दुसरी दरीच्या तोंडातून खाली केजकडं. म्हैस घेऊन चालणारी बाई किती लांब गेली असेल? कावड तिथंच ठेवून तो पळाला असता तर तासाभरात त्यानं तिला गाठलं असतं. पण कॅनमध्ये आठ लिटर दूध होतं, अख्ख्या वाडीचं, आणि आठची गाडी. मग त्यानं कावड उचलली आणि धारूरची वाट धरली. पुढं सगळ्या आयुष्यात त्याला त्या क्षणाची जेवढी चीड आली तेवढी पाण्याचीही आली नाही.

डेअरीवर कॅन टेकवून तो तसाच मागं वळला. मापाला थांबला नाही. उत्तरेश्वरनं हाका मारल्या. किल्ल्याच्या अंगानं तो घाटाखाली उतरला आणि ओढ्याओढ्यानं पळत सुटला. या वाटेनं तो दहा-बारा वेळा गेला असेल, पण तेव्हा दोन्हीकडं गच्च झाडी असायची. आता नुसते खुंट आणि तापलेले दगड. ओढ्याच्या वाळूत माणसांनी खणलेले झिरे होते, तेही कोरडे. मध्ये एकदा ठेच लागून अंगठ्याचं नख निघालं, ते त्याला केजजवळ आल्यावर दिसलं. खांद्यावर ओझं नव्हतं तरी त्याला धाप लागत होती. असं त्याला कधी झालं नव्हतं.

बाजारात जनावरंच जनावरं होती आणि घेणारे थोडे. सगळ्यांची हाडं वर आलेली. सिदू रांगारांगांतून फिरला. केशरबाई बाजाराच्या कडेला लिंबाखाली बसलेली होती. मांडीवर दावं होतं. म्हैस नव्हती. व्यापाऱ्यानं ती टेम्पोत चढवून नेल्याला घटकाभर वेळ झाला होता, कुठं नेली ते तिनं विचारलंही नव्हतं.

सिदू तिच्यासमोर उकिडवा बसला. दम लागला होता म्हणून बोलता येईना. तिनं आपल्या तांब्यातलं पाणी पुढं केलं. ते पिऊन तो म्हणाला, "केशरआत्या, पानी म्या घातलं."

"ठावं हाय," ती म्हणाली. "झऱ्यावरच कळलं मला."

"मग माघारी कावून आली न्हाईस?"

"येऊन कुनाला सांगू? माझं कोन ऐकनार?" ती दाव्याचा पीळ हातानं उलगडत होती. "आन ऐकलं असतं तर तुझी कावड गेली असती. त्या लेकराला मग कोन घालनार व्हतं दूध?"

सिदू रडायला लागला. तिनं त्याला गप्प केलं नाही. मग ती म्हणाली, "म्हैस जाऊ दे. चारा नसल्यावर ती माझ्या दारात मेलीच असती. पर माझं नाव तू पान्यात घातलंस, सिदू. ते आता कुठल्या बाजारात मिळंल?"

दोघं पायीच माघारी निघाली. धारूरपर्यंतच्या जीपमध्ये बसायला ती नको म्हणाली. ती पुढं, तो मागं. तिच्या चालीनं चालायचं म्हणजे त्याला पाय आवरावे लागत होते. वाडीत आली तेव्हा दिवे लागले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे पारावर, सगळ्या बाया दूध घेऊन उभ्या असताना, सिदूनं सगळं सांगितलं. वाटी, झरा, घसरल्याचं खोटं, एकूण एक. बोलून झाल्यावर त्यानं कावड विठ्ठलरावांच्या पायाशी ठेवली. विठ्ठलरावांनी वही मिटली.

"सिदू, लेकराला दूध दिलं ते मी समजू शकतो," ते म्हणाले. "पर त्या दिशी इथंच बसला व्हतास तू."

ज्या बाईनं केशरबाईचं नाव घेतलं होतं ती घागर उचलून निघून गेली. केशरबाईचं नाव यादीत परत लिहिलं. म्हशीवाचून त्याचा उपयोग काय? घरी बायनाबाईनं त्याला शिव्या दिल्या नाहीत. ती एवढंच म्हणाली की मला सांगितलं असतं तर चार घरी पळी पळी मागून आणलं असतं, कुणी नाही म्हटलं नसतं. आणि तिनं ते केलंही. त्या दिवसापासून ती कामावर जायच्या आधी गडवा घेऊन दरीत उतरायची. कधी पावशेर मिळायचं, कधी नुसतं ताक. ज्येष्ठात जमील आला आणि सासूला व पोरीला बीडला घेऊन गेला. सिदूनं नंतर दोनदा बीडच्या बसस्टँडवर, हातगाडीवाल्यांत त्याची चौकशी केली. पत्ता लागला नाही.

कावड वाडीतल्याच तात्याबाकडं गेली. तो भला माणूस, पण त्याला दोन तास लागायचे आणि दूध वाटेतच फाटायचं. महिनाभरात वाडीचं दूध बंदच पडलं. दिवाळीनंतर केशरबाई ऊसतोडीच्या टोळीबरोबर साखर कारखान्यावर गेली, तोडणाऱ्यांची पोरं सांभाळायला आणि भाकऱ्या थापायला. दोन हंगाम ती गेली. सिदू वनखात्याच्या रोपवाटिकेत पाणी घालायच्या कामाला लागला. डोंगरात झाडं लावायची, वर्षभर जगवायची. निम्मी जळून जायची.

अठ्ठ्याऐंशी साली पाऊस चांगला झाला. संस्था पुन्हा सुरू झाली. केशरबाईनं ऊसतोडीच्या कमाईतून एक म्हैस आणली, पण वाडीच्या कॅनमध्ये दूध ओतायला ती तयार झाली नाही. विठ्ठलराव स्वतः तिच्या घरी गेले, हात जोडले. तिनं ऐकलं नाही. तिनं स्वतःची किटली घेतली आणि डेअरीवर आपल्या एकटीच्या नावावर दूध घालायला लागली. पहाटे चारला उठून, दोन्ही दऱ्या उतरून-चढून, डोक्यावर किटली घेऊन ती एकटी जायची. वय झालेलं. कधी उशीर व्हायचा, गाडी गेलेली असायची, तर दूध तिथंच हॉटेलवाल्याला देऊन यायची. उत्तरेश्वर तिची डिग्री सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचा. तिनंच तसं सांगितलं होतं.

तिच्या वाटेवरची बोरीची झुडपं, चिल्हारीचे काटे सिदू कोयत्यानं साफ करून ठेवायचा. निसटणारे दगड बाजूला करायचा. ते कोण करतंय हे तिला माहीत होतं. ती कधी काही बोलली नाही, त्यानंही दाखवलं नाही. समोरासमोर आली की ती बाजूला होऊन वाट द्यायची. परक्या माणसाला देतात तशी.

नव्वद सालच्या पावसाळ्यात ती तापानं आजारी पडली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं शेजारणीकरवी सिदूला निरोप पाठवला. तो पळत आला. केशरबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती, अंगावर घोंगडं. किटली भरून शेजारी ठेवली होती, तोंडाला ओलं फडकं बांधलेलं.

"आजच्या दिस नेतूस का?" ती म्हणाली.

सिदूनं मान हलवली आणि किटली उचलायला वाकला. तेव्हा ती त्याच्याकडं न बघता म्हणाली, "साडेतीन लिटर हाय. मोजलंय मी."

त्यानं किटली डोक्यावर घेतली आणि निघाला. अकरा दिवस त्यानं तिचं दूध नेलं. रोज माप आणि डिग्री लिहिलेली डेअरीची चिठ्ठी आणून तिच्या हातात द्यायचा. तिला वाचता येत नव्हतं. ती चिठ्ठी उलटीसुलटी करून बघायची, शेजारच्या पोरीला बोलावून वाचून घ्यायची, आणि मग कमरेच्या पिशवीत ठेवायची. तोवर सिदू अंगणात उभा असायचा. बाराव्या दिवशी ती उठली आणि किटली घेऊन आपली आपण निघाली.